सात पटींत समुद्र

टायटॅनिकच्या डोलकाठीवर टेहळणीला असलेल्या फ्रेडरिक फ्लीटकडे १४ एप्रिल १९१२ च्या रात्री दुर्बीण नव्हती. तो वाचला आणि अमेरिकी सिनेटच्या चौकशीत म्हणाला की, दुर्बीण असती तर हिमनग थोडा आधी दिसला असता. किती आधी? जहाज वळवता येईल इतका. ही साक्ष प्रसिद्ध झाली. लंडनच्या चौकशीत मात्र दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून जाऊन आलेल्या अर्नेस्ट शॅकलटनने उलट मत दिलं: टेहळ्याच्या हाती दुर्बीण नसावीच.

मला शॅकलटनचं म्हणणं पटतं, निदान अर्धं. दुर्बीण लांबचं जवळ आणते, पण आजूबाजूचं कापून टाकते. धोका आधी उघड्या डोळ्यांनी हेरायचा. तो नक्की काय आहे हे ठरवायला दुर्बीण.

आज बोटीसाठी स्वस्त दुर्बीण ऑनलाइन शोधली तर २०, ३० पटींचे आकडे समोर येतात. फोनच्या झूममुळे आपल्यालाही जास्त म्हणजे चांगलं वाटतं. दर्यावर्दी मात्र कित्येक दशकं ७ × ५० वर ठाम आहेत. सात पट मोठं दिसणार, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. बोट हलते तेव्हा हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. वीस पटींत क्षितिज नुसतं नाचतं. आता भागाकार करा: ५० भागिले ७, म्हणजे साधारण ७ मिलिमीटर. डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी. अंधारात तरुण माणसाची बाहुलीही साधारण तेवढीच उघडते. दिवसा बाहुली लहान असते, मग उरलेला झोत वाया जातो का? नाही. लाटेने डोकं हललं तरी डोळा झोतातच राहतो.

या दुर्बिणीतला प्रिझमचा जोड इटलीच्या इग्नात्सिओ पोर्रोचा, पेटंट १८५४ चं. कल्पना चोख होती, काच तितकी चांगली नव्हती. येना शहरात ऑटो शॉटने नव्या काचा ओतल्या, अर्न्स्ट आबेने तीच मांडणी पुन्हा शोधली आणि १८९४ मध्ये झाइसने ती बाजारात आणली. पोर्रोचं पेटंट आधीच असल्याचं आबेला नंतर कळलं. नाव पोर्रोचं राहिलं, धंदा जर्मनीचा झाला.

त्याची किंमत १९१७ मध्ये दिसली. अमेरिका युद्धात उतरली, जहाजं वाढली, पण चांगली भिंगाची काच बरीचशी जर्मनीहून यायची आणि ती वाट बंद होती. तेव्हा नौदलाचे सहायक सचिव असलेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकांकडेच घरच्या दुर्बिणी मागितल्या. कायद्याने सरकारला फुकट वस्तू घेता येत नव्हती, म्हणून प्रत्येकीचा एक डॉलर. प्रत्येक दुर्बिणीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि युद्धानंतर शक्य तितक्या परत करायच्या. पाणबुड्यांच्या समुद्रात कुणाच्या तरी घोड्यांच्या शर्यतीची दुर्बीण पहारा देत होती!

त्या दुर्बिणींतून अंधुकच दिसत असणार. कोऱ्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की तिसऱ्या हिश्शाहून जास्त प्रकाश गेला. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिपातळ थर चढवून ही गळती अडवली. आज हा थर स्वस्त दुर्बिणीतही मिळतो, फक्त तो सगळ्या पृष्ठभागांवर आहे का, ते वाचायचं. ‘फुली मल्टिकोटेड’ लिहिलेलं असावं. लालभडक चमकणारी भिंगं टाळा. ती लाल प्रकाश फेकून देतात आणि दृश्य हिरवट पडतं.

बजेट कमी असेल तर सरळ नळीच्या देखण्या रूफ-प्रिझमपेक्षा जुनी, खांदे बाहेर आलेली पोर्रोच घ्या. रूफ-प्रिझम घासायला फार अचूकता लागते, त्यामुळे त्याच पैशात पोर्रोमधून सहसा स्वच्छ दिसतं. पाणी आत न शिरणारी, नायट्रोजन भरलेली हवी. दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगळा फिरवायचा असेल तर बिचकू नका. एकदा लावला की लांबचं सगळं स्पष्ट दिसतं. दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि मागच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका बघा. पूर्ण गोल असेल तर प्रिझम बरे आहेत. कडा कापून चौकोनी दिसत असेल तर ती परत ठेवा.