बोरघाटातील थकलेली मजुरी

लोणावळ्याच्या शेजारी असलेल्या औंढे गावाच्या शिवारात सायंकाळी उभे राहावे. एकीकडे लोहगड-विसापूरची डोंगररांग आणि दुसरीकडे घाट चढून आलेल्या आगगाडीची धडधड. आता त्यात द्रुतगती मार्गावरील वाहनांचा अखंड घोष मिसळला आहे. या मार्गांनी आपण कितीदा तरी जातो. मुले बोगदे मोजतात, आपण चिक्कीचे पुडे बांधून घेतो. हे बोगदे ज्या हातांनी खोदले, त्या हातांची मजुरी वेळेवर मिळाली होती का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. १८५९ च्या जानेवारीत तो प्रश्न घाटातल्या मजुरांनी स्वतःच विचारला होता आणि सरकारदफ्तरी त्याची नोंद ‘दंगा’ म्हणून झाली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू केले. सुमारे पंधरा मैलांत १८३१ फूट चढायचे होते, आणि काही ठिकाणी चढ सदतिसास एक इतका खडा होता. पंचवीस बोगदे पाडावे लागले. कड्यावरून दोराने खाली सोडलेले मजूर छिन्नीने खडकाला भोके पाडीत, त्यांत दारू ठासून सुरुंग उडवीत. पावसाळ्यात काम जवळजवळ थांबे आणि त्याबरोबर मजुरीही थांबे. १८६१ च्या सुमारास या घाटात एका वेळी बेचाळीस हजार माणसे राबत होती. आसपासच्या मावळातील एखाद्या खेड्याची वस्ती डोळ्यांपुढे आणली, म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळते. डोंगराच्या कुशीत झोपड्यांचे एक शहरच वसले होते. त्याला ना गटार होते, ना स्वच्छ पाणी. पटकी आली, की ती या वस्त्यांतून वणव्यासारखी फिरे. पुढे मुंबईच्या दाट गल्ल्यांत गरिबांनी जे सोसले, त्याची आधीची आवृत्ती या घाटात लिहिली गेली, असे मला वाटते.

घाटाचे कंत्राट विल्यम फेव्हिएल यांच्याकडे होते. मुंबई-ठाणे हा १८५३ चा पहिला लोहमार्ग बांधणाऱ्या कंत्राटदारांपैकी ते एक. परंतु घाटातला मजूर त्यांना ओळखत नव्हता. त्याला ओळख होती ती मुकादमाची. कंपनीने कंत्राटदाराला द्यायचे, त्याने पोटकंत्राटदाराला, पोटकंत्राटदाराने मुकादमाला आणि मुकादमाने शेवटी मजुराला. इतक्या ओंजळींतून पाणी पुढे सरकवले, तर शेवटच्या माणसाच्या तोंडापर्यंत किती पोहोचणार? पैसे उशिरा मिळत, ठरल्याहून कमी मिळत, कधी मिळतच नसत. मजूर तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य घेई. दूरदेशाहून बायकामुलांसह आलेल्या माणसाला काम सोडून परतही जाता येत नसे, कारण मागची मजुरी अडकलेली असे.

२० जानेवारी १८५९ रोजी या साचलेल्या संतापाचा स्फोट झाला. मजूर काठ्या घेऊन युरोपियन देखरेख्यांवर चालून गेले. त्या धुमश्चक्रीत एक युरोपियन प्राणाला मुकला. १८५७ चा उठाव नुकताच शमलेला होता. गोऱ्या माणसाच्या अंगावर हात पडला म्हणजे सरकारच्या मनात काय आले असेल, ते सांगायला नको. तरीही चौकशीतून जे पुढे आले ते बंडाचे कारस्थान नव्हते. मजुरांची मजुरी खरोखरच थकली होती. एका माणसाचा जीव गेला, हे पाप लहान नव्हे, आणि त्यावर पांघरूण घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु गुन्हा कोठून मोजायला सुरुवात करायची? काठी उचलली त्या दिवसापासून, की पगार बुडवला त्या दिवसापासून? कष्टकऱ्याची अडकवलेली मजुरी स्वर्गाकडे आक्रोश करते, ही याकोबाच्या पत्रातील शिकवण आपणांस परिचित आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात ती उद्योगयुगाला पुन्हा ऐकवली. घाटातल्या मजुरांना तोपर्यंत थांबणे शक्य नव्हते.

फेव्हिएल यांनी १८५९ सालीच कंत्राट सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवून थोडे दिवस होतात न होतात तोच निवर्तले. मग त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले हे त्याआधीच, १८६२ मध्ये वारले होते.

कायद्याने यातून कोणता धडा घेतला? १८६० सालच्या नवव्या कायद्याने रेल्वे, कालवे अशा कामांवरील मजुरीचे तंटे तडकाफडकी मिटवण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. एवढे बरे झाले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून, १८५९ चा तेरावा कायदा झाला होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला त्याअन्वये तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शके. मालकाने पैसे बुडवले तर तो दिवाणी तंटा. मजुराने काम सोडले तर मात्र फौजदारी. हा तेरावा कायदा १९२५ साली रद्द झाला, आणि वेतन मुदतीत देण्याची सक्ती करणारा कायदा यायला १९३६ साल उजाडले.

घाट खुला झाला तेव्हा मुंबईत कापसाची तेजी ऐन भरात होती. अमेरिकेतील यादवीमुळे पैशाचा पूर आला आणि त्यामागून माणसांचा. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८६५ मध्ये तेजी कोसळली आणि १८७२ च्या गणनेत ती ६,४४,४०५ वर आली. मधल्या काळात किती चुली विझल्या असतील! याच १८६४ साली चोरीसारख्या गुन्ह्यांना फटक्यांची शिक्षा देणारा कायदा झाला. भुकेल्याच्या पाठीवर वेत ओढण्याची ही सोय १९५५ पर्यंत कायद्यात राहिली.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. रेल्वेच्या मातीकामात आणि दगडकामात वडार समाजाचे हात फार मोठ्या प्रमाणावर होते. बंजारे तर रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या तांड्यांवरून मीठ-धान्य वाहत. आगगाडीने त्यांचा धंदाच गिळला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत वाढली, आणि ज्यांची गणना पुढे या शिक्क्याखाली झाली त्यांत हे दोन्ही समाज आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आणि बंजारा ही नावे आजही आहेत. खंडाळ्याच्या बोगद्यांतून गाडी जाताना मात्र खिडकीतून केवळ काळा कातळ दिसतो. आणि त्यावर छिन्नीच्या खुणा.