शाफ्ट सील

शाफ्ट सील म्हणजे यंत्राच्या कवचातून बाहेर येणाऱ्या फिरत्या दंडाभोवतीच्या फटीतून आतील द्रव किंवा वायू निसटू नये, तसेच बाहेरील हवा व धूळ आत शिरू नये, यासाठी केलेली योजना होय. पंप, टर्बाइन, काँप्रेसर, मोटारीचे इंजिन, धुलाई यंत्र, जहाजाच्या पंख्याचा दंड अशा अनेक ठिकाणी ती आढळते. कारखान्यांत ‘सील’ आणि ‘ग्लँड’ हेच शब्द रूढ असल्याने या लेखातही तेच वापरले आहेत.

मूळ अडचण

दोन स्थिर भागांमधील सांधा गॅस्केट घालून बोल्टने आवळला की बंद होतो. फिरत्या दंडाचे तसे नाही. फट ठेवली तर द्रव गळतो. फट पूर्ण बुजवली तर घर्षणाने उष्णता निर्माण होते, दंड झिजतो आणि सील जळते. म्हणून दंडाला टेकणारी सीले सामान्यतः द्रवाच्या अतिशय पातळ पटलावर चालतात. ज्या द्रवाला अडवायचे, तोच सीलला वंगण पुरवतो आणि थंड ठेवतो. अजिबात न गळणारे सील ही कल्पना त्यामुळे काटेकोर अर्थाने टिकत नाही; गळती किती चालेल आणि ती कोणत्या द्रवाची आहे, हाच खरा प्रश्न असतो.

ग्लँड पॅकिंग

ही सर्वांत जुनी पद्धत. दंडाभोवतीच्या पोकळीत, म्हणजे स्टफिंग बॉक्समध्ये, विणलेल्या चौकोनी दोरीची कडी एकापुढे एक बसवतात आणि बाहेरून ग्लँड नावाच्या झाकणाने ती दाबतात. दाबामुळे दोरी फुगून दंडाला टेकते. पूर्वी ताग किंवा कापसाची दोरी चरबीत भिजवून वापरत. आता ग्राफाइट, टेफ्लॉन किंवा अरामिड धाग्याची दोरी वापरतात. प्रत्येक कड्याचा जोड आधीच्या जोडापासून ९० किंवा १२० अंशांवर ठेवावा लागतो, अन्यथा सगळे जोड एका रेषेत येऊन गळतीला सरळ वाट मिळते.

पाण्याच्या पंपाची ग्लँड मिनिटाला सुमारे ४० ते ६० थेंब गळू द्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. विहिरीवरचा पंप ठिबकताना पाहून अनेकांना हा दोष वाटतो आणि थेंब थांबेपर्यंत नट आवळले जातात. परिणामी दोरी कोरडी पडून कडक होते, दंडावर किंवा त्याच्या बाहीवर खोल चरे उठतात, आणि मग नवी दोरी घातली तरी गळती थांबत नाही. वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर मिनिटाला ५० थेंब म्हणजे दिवसाला साडेतीन लिटरांहून थोडे अधिक पाणी. दंड बदलण्याच्या खर्चापुढे हे नुकसान क्षुल्लक आहे. मात्र पाण्याऐवजी पेट्रोल किंवा आम्ल असेल, तर हा हिशेब पूर्णपणे उलटतो.

गळती नेहमी बाहेरच होते असेही नाही. पंप खालच्या पातळीवरून पाणी ओढत असेल, तर ग्लँडपाशी दाब वातावरणापेक्षा कमी होऊन हवा आत खेचली जाते आणि पंप पाणी सोडतो. अशा वेळी दोरीच्या कड्यांमध्ये लँटर्न रिंग नावाचे छिद्रयुक्त कडे बसवून त्यात पंपाच्याच दाबाखालील पाणी सोडतात.

विसाव्या शतकात उष्ण द्रव व वाफेसाठी अॅस्बेस्टॉसची दोरी सर्रास वापरली जाई. तिचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन अॅस्बेस्टॉसिस आणि मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. कोरडी पडलेली जुनी दोरी आकड्याने खरवडून काढणाऱ्या कामगाराला हा धोका विशेष असतो. जुन्या यंत्रातील अनोळखी दोरी ओली केल्याशिवाय काढू नये आणि फुंकर किंवा दाबाची हवा मारून ती जागा कधीही साफ करू नये.

मेकॅनिकल सील

येथे फट दंडाच्या लांबीला समांतर नसून आडवी असते. दंडाबरोबर फिरणारी एक चकती आणि कवचात स्थिर असलेली दुसरी, यांचे गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना टेकतात. स्प्रिंग व द्रवाचा दाब त्यांना एकत्र ठेवतो. दंड आणि चकती यांमधून द्रव निसटू नये म्हणून रबरी ओ-रिंग किंवा रबरी भाता असतो. एक चकती बहुधा कार्बन-ग्राफाइटची, तर दुसरी सिलिकॉन कार्बाइड, टंगस्टन कार्बाइड किंवा सिरॅमिकची असते.

पृष्ठभागांमधील पटलाची जाडी साधारण एका मायक्रोमीटरच्या आसपास असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो. पृष्ठभागाचा सपाटपणा एकरंगी प्रकाशात, सपाट काचेखाली दिसणाऱ्या पट्ट्यांवरून तपासतात. हेलियमच्या प्रकाशात असा एक पट्टा सुमारे ०.२९ मायक्रोमीटरचा फरक दाखवतो. या प्रमाणात धुळीचा कण म्हणजे खडकच. चकत्यांच्या पृष्ठभागाला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, हा नियम त्यामुळेच आहे.

पंप पाण्यावाचून चालू राहिला तर पटल नाहीसे होते, चकत्या तापतात, आणि अशा वेळी अचानक थंड पाणी आले तर सिरॅमिक तडकू शकते. सील वारंवार निकामी होत असेल, तर दोष पुष्कळदा सीलमध्ये नसतो. झिजलेले बेअरिंग, मोटार व पंप एका रेषेत नसणे, वाकलेला दंड किंवा पंपातील पोकळीभवन यांमुळे चकत्या थरथरतात. ही कारणे न शोधता नुसते सील बदलत राहणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून तापमापक बदलण्यासारखे आहे.

विषारी वा ज्वालाग्राही द्रवांसाठी दोन सीले एकामागून एक बसवून त्यांच्यामध्ये निरुपद्रवी द्रव ठेवतात. त्याचा दाब आतील द्रवापेक्षा जास्त असल्यास आतले सील गळले तरी निरुपद्रवी द्रवच आत जातो. विषारी द्रव बाहेर येत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांतील पंपांच्या सीलसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे ‘एपीआय ६८२’ हे मानक १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले.

ऑइल सील

गिअरपेटी व इंजिनात कमी दाबाचे तेल रोखण्यासाठी हे वापरतात. रबराची धारदार कड दंडाला टेकते आणि तिच्याभोवतीची बारीक कंकणाकृती स्प्रिंग ती दाबून धरते. कडेची तेलाकडील बाजू अधिक उभी आणि हवेकडील बाजू अधिक उतरती असते. या असमानतेमुळे फिरता दंड कडेखालचे तेल पुन्हा आत ढकलतो. सील उलटे बसवले तर हीच क्रिया तेल बाहेर काढते. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, असे मेकॅनिक सांगतात ते यासाठीच. दंडावर लेथने कातताना पडलेले मळसूत्रासारखे बारीक खाचेही तेल बाहेर ओढू शकतात.

न टेकणारी सीले

वाफेच्या टर्बाइनमध्ये वेग व तापमान इतके असते की दंडाला टेकणारे सील टिकणे कठीण. तेथे लॅबिरिंथ, म्हणजे चक्रव्यूह सील वापरतात. दंडाभोवती पातळ कड्यांची रांग असते. प्रत्येक अरुंद फटीतून जाताना वाफेचा दाब थोडा घटतो आणि शेवटी फारच थोडी वाफ निसटते.

गळतीचा मुळीच धोका पत्करता येत नसेल, तर दंड कवचाबाहेर आणतच नाहीत. चुंबकीय पंपात बाहेरील मोटार चुंबकांना फिरवते आणि बंद कवचाच्या आतील चुंबक पंख्यासह त्यांच्या ओढीने फिरतात. मात्र आतील बेअरिंगला वंगण त्या द्रवाचेच मिळत असल्याने, असा पंप कोरडा चालला तर तोही लवकर निकामी होतो.