ही चाल नाही, खैरात आहे

मी अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिला आलो होतो, त्यामुळे डोक्यात हवा होती. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत एका गल्लीत शिंप्याचं दुकान होतं. संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर पट मांडला जाई. कोळसा खाणीत पहिली पाळी करून आलेले कामगार, बल्लारपूरच्या पेपर मिलमधला एक फिटर, दोन निवृत्त मास्तर आणि मोहल्ल्यातली आम्ही पोरं तिथं जमायचो. बोलणं मराठी, हिंदी, तेलुगू आणि दखनीत चाले. भांडणंही चारही भाषांत होत.

पहिल्याच दिवशी खाणीतल्या एका चाचांशी डाव पडला. विसाव्या चालीच्या आत माझा वजीर गेला. चाचांनी मोहरा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, ये चाल नहीं, ख़ैरात है." सगळे हसले. मी घरी आलो आणि पंधरा दिवस त्या गल्लीकडे फिरकलो नाही. शेवटी अब्बांनी विचारलं, "त्यांनी खोटं काय सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

त्या बाकाचे काही कायदे होते. डाव चालू असताना बघ्यांनी बोलायचं नाही. मध्येच चाल सुचवणाऱ्याला उठवून लावत. डाव संपला की मात्र हरलेल्यानं उठायचं नाही. मोहरे पुन्हा मांडायचे आणि चूक कुठं झाली ते शोधायचं. त्यात जिंकणाराही सुटत नसे. "तू जिंकला नाहीस, तो हरला," असं त्याला तोंडावर सांगत. शिव्या चालीला पडत, माणसाला नाही. आणि शेवटचा कायदा म्हणजे पटावर पैसा लावायचा नाही.

हा शेवटचा कायदा मला तेव्हा फक्त मजहबी वाटायचा. शतरंजबद्दल उलमांमध्ये जुना मतभेद आहे. हनफी आणि मालिकी फकीह या खेळाबाबत कडक राहिले. इमाम शाफई यांच्याकडे, जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर, थोडी सवलत मिळते. जुगार मात्र सगळ्यांनीच नाकारला. पण चाचांनी सांगितलेलं कारण वेगळं होतं. "जहाँ पैसा लगा, वहाँ हारने वाले को कोई सच नहीं बताता," ते म्हणायचे. पत्त्यांच्या अड्ड्यावर तीन पत्ती हरणाऱ्याला त्याची चूक कोण दाखवील? उद्याही त्यानं तीच चूक करावी, यातच जिंकणाऱ्याचा फायदा असतो. आज पोकर गंभीरपणे खेळणारेसुद्धा टेबलावरून उठल्यावर, भरवशाच्या मित्रांमध्ये बसूनच डाव उलगडतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. खरं बोलायला आधी पैसा बाजूला ठेवावा लागतो, हे त्यांनाही कळलेलं आहे.

पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं की आमच्या बाकाची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या अब्बासी दरबारात अल-अदली हा नावाजलेला खेळाडू होता. त्यानं शतरंजवर किताब लिहिली. पुढं खलीफा अल-मुतवक्किल याच्यासमोर तो अर-राजी याच्याकडून हरला. त्यानंतर आला अबू बक्र अस-सूली. त्यानं अल-अदलीच्या किताबेतल्या चुका जाहीरपणे दाखवल्या आणि स्वतः नवी किताब लिहिली. खलीफा अल-मुक्तफी याची (कारकीर्द 902 ते 908) मर्जी अल-मावर्दी नावाच्या खेळाडूवर होती. दरबारात दोघांचा सामना लागला तेव्हा खलीफा उघडपणे मावर्दीच्या बाजूनं बोलत होता. सूलीनं त्याला स्वच्छ हरवलं. मावर्दी या नावाचा संबंध गुलाबपाण्याशी आहे. इतिहासकार मसऊदी सांगतो की खलीफानं त्यावरून कोटी केली: त्या गुलाबपाण्याचं आता मूत्र झालं. आमच्या चाचांची खैरात त्यापुढं काहीच नाही!

या सूलीनं एक कूटही मांडून ठेवलं. त्याचं उत्तर माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, असा त्याचा दावा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन ग्रँडमास्टर युरी अवेरबाख यांनी त्याची उकल मांडली. एका माणसाचा दावा तपासून पाहायला लोक हजार वर्षं बसले होते.

आपल्या देशातलं उदाहरण मीर सुलतान खान यांचं. पंजाबातल्या सरगोधा भागातला हा माणूस देशी पद्धतीचं बुद्धिबळ खेळत मोठा झाला. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जातं आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. सर उमर हयात खान यांनी 1929 मध्ये त्यांना लंडनला नेलं. तिथल्या सुरुवातीच्या एका सराव स्पर्धेत ते सपाटून हरले. मग विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स हे दोघे त्यांच्यासोबत बसले, सुरुवातीच्या चालींतला कच्चेपणा दाखवला आणि सराव करून घेतला. त्याच उन्हाळ्यात सुलतान खान ब्रिटिश विजेते झाले. 1932 आणि 1933 मध्ये त्यांनी तो किताब पुन्हा जिंकला. हेस्टिंग्जला 1930-31 च्या स्पर्धेत त्यांनी माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं. त्यांच्या अंगच्या देणगीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्या दोघांनी चुका दाखवल्या आणि यांनी त्या ऐकून घेतल्या, याबद्दल मात्र कमी लिहिलं जातं.

आणखी जवळचं नाव भोपाळच्या मोहम्मद रफीक खान यांचं. सुतारकाम करणारा हा माणूस 1980 च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये रौप्यपदक घेऊन आला. ऑलिम्पियाडमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. रंधा मारताना लाकूड वाकडं निघालं तर ते लगेच दिसतं, तिथं कोणाची मर्जी चालत नाही. पटाचंही तसंच आहे.

मी शिक्षक झालो आणि नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात मिळाली. हा जिल्हा 1982 पर्यंत आमच्या चंद्रपूरचाच भाग होता. शाळेत बुद्धिबळ सुरू केलं. गोंड, माना, दलित, बंगाली निर्वासितांची अशी सगळ्या घरांतली मुलं यायची. आधीच बुजलेली ही मुलं, त्यांना आणखी काय बोलायचं, म्हणून मी प्रत्येक डावानंतर "छान खेळलास" म्हणत राहिलो. सहा महिन्यांत कोणाचाही खेळ सुधारला नाही. एका मुलानं एकदा हळूच विचारलं, "सर, मी कुठं चुकलो ते सांगा ना." मला लाज वाटली. मी ज्याला माया समजत होतो, तो खरं तर माझा आळस होता. या मुलांना खरं ऐकायला झेपणार नाही, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या दिवसापासून आम्ही डाव संपल्यावर मोहरे पुन्हा मांडायला लागलो.

2025 च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा विदर्भात पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला. पण ही पोरगी इथपर्यंत येताना किती डाव हरली असेल आणि हरल्यावर किती वेळा मोहरे मांडून बसली असेल, हेच माझ्या मनात येत राहिलं. पेढे वाटायला आपण सगळे पुढं असतो. त्या बसण्याच्या वेळी सोबत किती जण असतात? आमच्या जलशांत, मुशायऱ्यांत, सत्कारांतही मी हेच पाहतो. वाहवा भरपूर मिळते. उठून "मियाँ, ही खैरात आहे" असं सांगणारा सापडत नाही, आणि सापडलाच तर त्याला पुन्हा बोलावणं जात नाही.

चाचांची शेवटची आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी सुट्टीत चंद्रपूरला गेलो होतो. ते फार थकले होते, हात कापत होता. डाव मांडला आणि मी सहज जिंकलो. त्यांनी घोडा फुकट दिला होता. डाव संपल्यावर त्यांनी स्वतः मोहरे पुन्हा मांडले आणि म्हणाले, "अब तू बता, कहाँ गया मेरा खेल?"

मला ती चाल दिसत होती. पण त्यांच्या वयाकडं पाहून मी म्हणालो, "नहीं चाचा, आप अच्छा खेले."

ते काही बोलले नाहीत. पट मिटला, चहा मागवला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. आदर म्हणून मी जे बोललो, त्यानं त्यांना त्या बाकावरून उठवूनच दिलं होतं. त्यांनी सतरा वर्षांच्या पोराला खेळाडू समजून खरं सांगितलं. मी त्यांना म्हातारा समजून खोटं सांगितलं.