जात्याचा खुंटा आणि मानेचे दोन मणके

दौंड तालुक्यातल्या कुरकुंभसारख्या गावात डोक्यावर हंडा घेऊन जाणारी बाई आपण सर्वांनीच पाहिलेली असते. पंधरा लिटरच्या हंड्यातले पाणीच पंधरा किलो भरते. तिच्या डोक्याचे स्वतःचे वजन साडेचार-पाच किलो असते, ते वेगळे. एवढे ओझे पेलताना कुणी हाक मारली, तर ती मान वळवून ओसुद्धा देते. भार पेलायचा आणि वळायचेही, ही दोन्ही कामे मान एकाच वेळी कशी करते?

याचे उत्तर मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत आहे. पहिला मणका कड्यासारखा असतो. त्याचे नाव अ‍ॅटलस. ग्रीक पुराणकथेत आकाश खांद्यावर पेलणाऱ्या अ‍ॅटलसवरून ते पडले. दुसरा मणका म्हणजे अ‍ॅक्सिस. त्याच्यातून हाडाचा एक सुळका वर येऊन अ‍ॅटलसच्या कड्यात शिरतो. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते, तसे अ‍ॅटलस डोक्यासकट या सुळक्याभोवती फिरते. मान डावी-उजवीकडे वळते त्यातले जवळजवळ अर्धे वळणे या एका जोडीत होते.

कड्यातल्या जागेची वाटणी लक्षात ठेवायला सोपी आहे. साधारण एक तृतीयांश जागा सुळक्याची, एक तृतीयांश मेरुरज्जूची आणि उरलेली मोकळी. सुळका कड्याच्या पुढच्या भागाला चिकटून राहावा म्हणून त्याच्या मागून एक बळकट अस्थिबंध आडवा गेलेला असतो. प्रौढ माणसात सुळका आणि कडे यांच्यातली फट तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नसते. लहान मुलांत ती पाच मिलिमीटरपर्यंत असू शकते.

हा अस्थिबंध सैल झाला, सुळका मोडला किंवा जन्मतःच नीट घडला नाही, तर मान वाकवताना कडे पुढे सरकते आणि मेरुरज्जू चेपला जातो. सदऱ्याची बटणे लावता येईनाशी होतात, चालताना तोल जातो, हातपाय कडक आणि दुबळे होतात. कधी एखादे मूल किरकोळ पडते आणि त्याचे चारही हातपाय लुळे पडतात. दाब आणखी वाढला तर श्वासही अडतो. जन्मजात दोषांमुळे होणारा हा विकार आपल्या देशात दुर्मीळ नाही.

सुटलेली जोडी पुन्हा बांधायची कशी? 1910 साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि ऑसगुड यांनी दोन्ही मणके मागच्या बाजूने रेशमी धाग्याने बांधले. 1939 साली कॅनडातल्या गॅली यांनी धाग्याऐवजी पोलादी तार वापरली आणि हाडाचा तुकडा बसवला. पुढे तार बांधण्याच्या आणखी पद्धती निघाल्या. पण तार मागून बांधायची आणि हालचाल व्हायची पुढे, सांध्यात. त्यामुळे मणके गोल फिरणे पुरते थांबत नसे आणि रुग्णाला बहुधा काही महिने प्लास्टरमध्ये किंवा डोके जखडणाऱ्या चौकटीत राहावे लागे. 1980च्या दशकात स्वित्झर्लंडच्या मागर्ल यांची पद्धत पुढे आली. तिच्यात अ‍ॅक्सिसमधून सांधा ओलांडून अ‍ॅटलसपर्यंत लांब स्क्रू जातो. पकड उत्तम, पण त्यासाठी मणके आधी जागेवर आलेले असावे लागतात. शिवाय मेंदूला रक्त नेणारी धमनी स्क्रूच्या वाटेवर असेल, तर ही पद्धत वापरता येत नाही.

या टप्प्यावर आपण मुंबईत, परळला येतो. महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय तिथे 1926पासून आहे. तिथले मेंदू-शल्यचिकित्सक डॉ. अतुल गोयल यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस थेट सांध्यालाच हात घालायचे ठरवले. तोवर शल्यचिकित्सक तो भाग टाळत, आणि त्याला कारणेही होती. सांध्याभोवती शिरांचे दाट जाळे असते, त्यातून भळाभळा रक्त येते. धमनी अगदी जवळ असते. आणि दुसऱ्या मानेच्या मज्जातंतूची गाठ नेमकी सांध्यावर आडवी असते. गोयल यांनी ती गाठ कापली. त्यामुळे डोक्याच्या मागच्या भागाला बधिरता येऊ शकते. पण सांधा डोळ्यांसमोर उघडा होतो. मग त्यातली कूर्चा खरवडून तिथे हाडाचे तुकडे भरायचे, अ‍ॅटलसमध्ये एक आणि अ‍ॅक्सिसमध्ये एक असे स्वतंत्र स्क्रू बसवायचे आणि ते पट्टीने जोडायचे. हेच दुसऱ्या बाजूलाही करायचे. स्क्रू वेगवेगळे असल्याने मणके आधीच सरळ रेषेत असण्याची अट उरली नाही.

ही पद्धत गोयल आणि लाहेरी यांनी 1994 साली प्रसिद्ध केली. 2002 साली 160 रुग्णांचा अनुभव मांडला गेला. 2001 साली जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडी आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरले. आज जगभर ही पद्धत गोयल-हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते. 2004 साली गोयल यांनी 22 रुग्णांविषयी लिहिले. त्यांचा सुळका वर कवटीत शिरलेला होता. अशा वेळी पूर्वी बहुधा तोंडातून शस्त्रक्रिया करून सुळकाच काढून टाकत. गोयल यांनी सांधा फाकवला, मध्ये आधार बसवला आणि सुळका खाली आणला.

या सुधारणेची किंमतही सांगायला हवी. मणके एकमेकांना जोडले की जात्याचे फिरणे थांबते, मान पूर्वीइतकी वळत नाही. मेरुरज्जू वाचवण्यासाठी केलेला हा सौदा आहे.

वर्गात हे दाखवायला एक बांगडी, एक पेन्सिल आणि एक जाड दोरी पुरे. बांगडी आडवी धरा. पेन्सिल तिच्या पुढच्या कडेला उभी टेकवा, दोरी मागच्या बाजूने ओवा. आता पेन्सिल न हलवता बांगडी पुढे सरकवा. दोरी पेन्सिल आणि बांगडीची मागची कड यांच्यात चिमटेल. मग मुलांना विचारा, बांगडी कुठे बांधाल? मागे, की जिथे ती सरकते तिथे?

कुरकुंभ पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. अशा रस्त्यावरच्या शाळेतल्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. अपघातात सापडलेल्या माणसाला घाईने उठवून बसवू नका, त्याची मान वळवू नका. डोके आणि धड एका रेषेत धरून ठेवा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मेरुरज्जूजवळची मोकळी जागा काही मिलिमीटरच असते, आणि ती राखण्याचे काम शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी, रस्त्याच्या कडेलाच सुरू होते.