विजेआधीचा गारवा

मराठवाड्यातला मे महिना ज्याने काढला आहे, त्याला ऊन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. ऊन तीन-चारशे वर्षांपूर्वीही होतेच, पण पंखा, कूलर, एसी यांतले काहीच नव्हते. मग माणसे राहत कशी, नमाज पढत कशी, पोरांना शिकवत कशी? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा आपल्या जुन्या इमारतींत जास्त स्पष्ट लिहिलेले आहे. ते वाचण्याची सवय मात्र आपण गमावली.

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पाणचक्कीपासून सुरुवात करू. सहलीला आलेले लोक कारंजी आणि चक्की पाहतात, फोटो काढतात आणि निघून जातात. नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या या परिसरात कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणले. ते उंच खांबात चढवले, वरून खाली सोडले आणि त्या धारेच्या जोरावर जाते फिरवले. त्या जात्यावर फकीर, विद्यार्थी आणि मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. पाणी वर चढवायला बैल लागला नाही की माणूस. डोंगरातला उगम उंचावर आहे आणि पाणी आपली पातळी गाठतेच, एवढ्याच नियमावर सगळे चालले.

पण खरी गंमत हौदाखाली आहे. मशिदीसमोरच्या लांबलचक हौदाच्या खाली एक मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच दालनाचे छत. जाडजूड खांब आणि कमानी यांनी ते पेलले आहे. वर पाण्याचा थर असल्यामुळे उन्हाची धग खाली पोचत नाही. थकून आलेल्या मुसाफिराला तिथे बसायला मिळे. म्हणजे एकाच पाण्याने दळण दळले, कारंजी उडवली आणि पाहुण्याला गारवाही दिला. आज ज्याला ‘ऊर्जा बचत’ म्हणतात, ती याहून वेगळी काय असते?

या शहराला ही पाण्याची विद्या नवी नव्हती. हबश देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद. जमिनीखालून झिरपणारे पाणी गोळा करून उताराने शहरात आणणारी नहर त्याने बांधली. १६२६ मध्ये तो वारला, पण त्याच्या नहरीने पुढे कित्येक पिढ्यांची तहान भागवली.

अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) फराहबाग याहून जुना. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुर्तजा निजामशाहाच्या काळात तो उभा राहिला. हा अष्टकोनी महाल एका विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध बांधला होता. तळ्यात पाणी खापरी नळांनी दुरून येई. आज तळे कोरडे आहे आणि महाल पडका. पण त्याची रचना समजून घ्या. कोणत्याही दिशेने वारा आला तरी आधी पाण्यावरून यायचा, म्हणजे थंड होऊनच आत शिरायचा. मधले दालन खूप उंच. गरम हवा वर चढते, त्यामुळे माणसांच्या उंचीवर गारवा टिकतो. सभोवतीच्या जाड भिंती तापायला कित्येक तास घेतात. दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते.

हा उपाय सगळीकडे चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. पाण्याची वाफ होताना हवा गार होते, पण त्यासाठी हवा कोरडी हवी. कोकणातल्या दमट हवेत पाण्याचा तसा उपयोग नाही. म्हणून तिथल्या घरांना उतरते कौलारू छप्पर, पुढे-मागे पडवी आणि समोरासमोर खिडक्या आल्या. जुना गवंडी नकाशा काढण्याआधी वारा कुठून येतो ते बघायचा.

आता आपल्या मशिदींकडे येऊ. गेल्या वीस वर्षांत कितीतरी गावांत जुन्या मशिदींचे नूतनीकरण झाले. हेतू चांगला, चंदाही लोकांनी मनापासून दिला. पण झाले काय? चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला. चुना श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवते. मग पोपडे सुटतात, क्षार फुटून येतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा दुरुस्ती निघते. उंच छताखाली फॉल सीलिंग लावले, झरोके बुजवले, जाळीच्या जागी काच आली. काचेतून ऊन आत येते, पण उष्णता बाहेर जात नाही. सहनातला हौद बुजवून फरशी घातली, ती दुपारी पाय भाजते. एवढे केल्यावर एसी लावावाच लागतो आणि त्याचे बिल दर महिन्याला जुम्याच्या चंद्यातून भरावे लागते. माझ्या पाहण्यातल्या एका मशिदीत एसी आहेत, पण बिलाच्या धास्तीने ते फक्त जुम्यालाच सुरू होतात. बाकीचे सहा दिवस नमाजी काचेच्या त्या बंद खोलीत घाम पुसत उभे असतात.

जुने तेवढे सोने, असे मला म्हणायचे नाही. वीज, पंखे, सौर पॅनेल सगळे हवे. हैदराबादचे उदाहरण घ्या. तिथले सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झाले. पर्यावरणपूरक इमारतींसाठीचा ‘लीड’ प्लॅटिनम दर्जा अमेरिकेबाहेर सर्वप्रथम याच इमारतीला मिळाला. वास्तुशिल्पी करण ग्रोव्हर यांनी तिथे वारा गार करून आत घेणारे दोन मनोरे उभारले आणि जाळ्या बसवल्या. एसी आहे, पण त्याला आधीच थंड झालेली हवा मिळते, म्हणून त्याचे काम कमी होते. जगाने ज्याला सर्वोच्च दर्जा दिला, त्या इमारतीत जाळी परत आली आणि आपण ती काढून भंगारात टाकतो आहोत!

म्हणून मशिदीच्या, मदरशाच्या, उर्दू शाळेच्या ट्रस्टींना एवढीच विनंती. कुदळ मारण्याआधी चुन्याचे काम जाणणाऱ्या माणसाला एकदा बोलवा. चुन्याची दुरुस्ती चुन्यानेच करा. झरोके उघडा, गच्चीला पांढरा चुना मारा, सहनात एक कडुलिंब लावा. वजूचे पाणी त्या झाडाला द्या. वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपण वाजातून ऐकतो. ती बांधकामातही उतरू द्या. इस्राफ फक्त ताटातल्या अन्नाचा नसतो, विजेचा आणि चांगल्या भिंतीचाही असतो. पाडलेली जुनी भिंत चंदा जमवून परत आणता येत नाही, कारण तशी भिंत बांधणारे हात आता गावागावांतून संपत चालले आहेत.