जेफरसनचं कर्ज कुणी फेडलं?

४ जुलै १८२६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर ५० वर्षं झाली. आणि त्याच दिवशी तो जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलो या आपल्या घरी वारला. वय ८३. काही तासांनी दुसरा माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सही गेला. लोकांना यात देवाचा हात दिसला. हा योगायोग अजूनही कौतुकाने सांगितला जातो.

त्याच्या पुढची तारीख मात्र फारशी कुणी सांगत नाही. जानेवारी १८२७. त्याच मॉन्टिसेलोवर लिलाव झाला. जाहिरातीत १३० गुलाम होते आणि त्यांच्या पाठोपाठ गुरंढोरं, पीक, घरातलं सामान. जेफरसनच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. सगळी माणसं समान जन्माला येतात, असं लिहिणाऱ्याचं कर्ज फेडायला माणसं विकली गेली.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. १७७६ मध्ये जाहीरनामा लिहिला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. राजाला सत्ता देव देत नाही, लोक देतात, आणि राजा लोकांचे हक्क तुडवायला लागला तर त्याला हटवायचा अधिकार लोकांना आहे, ही गोष्ट त्याने एका देशाच्या जन्मदाखल्यात लिहिली. व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्याचाच. १७८६ मध्ये तो मंजूर झाला. व्हर्जिनिया विद्यापीठ त्यानेच उभं केलं. दोन वेळा राष्ट्राध्यक्ष झाला, १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रदेश घेऊन देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट केलं. पण आपल्या थडग्यावर त्याने राष्ट्राध्यक्षपद लिहू दिलं नाही. जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठ, एवढंच. माणूस लहान नव्हता.

आता दुसरी बाजू. आयुष्यभरात या माणसाच्या मालकीचे ६०० हून जास्त गुलाम होते. जिवंतपणी त्याने त्यातल्या फक्त दोघांना रीतसर मुक्त केलं, मृत्युपत्रात पाच जणांना. फिलाडेल्फियात जाहीरनामा लिहिला जात होता तेव्हा त्याच्या सेवेला १४ वर्षांचा एक मुलगा होता, रॉबर्ट हेमिंग्ज. तो गुलाम होता. शिवाय तो जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊही होता, कारण तिच्या वडिलांना एका गुलाम बाईपासून मुलं झाली होती. म्हणजे बघा, समतेचं वाक्य कागदावर उतरत असताना लेखकाचा मेहुणा हातात त्याचे कपडे घेऊन उभा राहणाऱ्या नोकराच्या जागी होता, आणि तोही बिनपगारी.

त्याला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. जाहीरनाम्याच्या पहिल्या मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला होता आणि खापर इंग्लंडच्या राजावर फोडलं होतं. काँग्रेसने तो परिच्छेद कापला. १७८४ मध्ये पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशात १८०० नंतर गुलामी नको, अशी तरतूद त्याने सुचवली. ती एका मताने पडली. व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं की देव न्यायी आहे हे आठवलं की देशाच्या काळजीने थरकाप होतो. पण त्याच पुस्तकात काळे लोक बुद्धीने कमी असावेत, असंही लिहिलं. १७९१ मध्ये बेंजामिन बॅनेकर या काळ्या गणितज्ञाने त्याला स्वतःचं पंचांग पाठवलं आणि पत्रात तोंडावर विचारलं, की जाहीरनाम्यात हे लिहिणारे तुम्ही, आम्हाला गुलाम कसे ठेवता? जेफरसनने सभ्य उत्तर दिलं. पुढे खासगी पत्रात बॅनेकरच्या बुद्धीवर शंका घेतली. १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. घरचे गुलाम मात्र घरीच राहिले.

इथे एक वाक्य हमखास येतं: "अहो, तो काळच तसा होता." हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही, आणि जेफरसनच्या बाबतीत तर ते पुराव्यानेच खोटं ठरतं. त्याच्याच व्हर्जिनियात १७८२ च्या कायद्याने मालकाला आपले गुलाम मुक्त करायची मुभा होती. त्याच व्हर्जिनियात रॉबर्ट कार्टर नावाच्या बड्या जमीनदाराने १७९१ मध्ये एक दस्त करून साडेचारशेहून जास्त माणसांच्या सुटकेची सोय केली. जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करायची व्यवस्था केली. १८१४ मध्ये एडवर्ड कोल्स या तरुण शेजाऱ्याने जेफरसनला पत्र लिहून विनवलं, की तुम्ही पुढे व्हा, तुमच्या शब्दाला वजन आहे. म्हातारा म्हणाला, हे काम तरुणांचं. वर कोल्सला सल्लाही दिला, की आपल्या गुलामांना सोडून जाऊ नकोस. कोल्सने ऐकलं नाही. तो त्यांना घेऊन इलिनॉयला निघाला, १८१९ मध्ये त्यांना मुक्त केलं, जमिनी दिल्या आणि पुढे त्याच राज्याचा गव्हर्नर झाला. काळ एकच होता, प्रांतही एकच होता. फरक किंमत मोजण्याच्या तयारीत होता.

सॅली हेमिंग्जची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सॅली म्हणजे त्याच रॉबर्टची धाकटी बहीण. १७८७ मध्ये जेफरसनच्या मुलीची सोबत म्हणून ती पॅरिसला गेली तेव्हा ती १४ वर्षांची होती, जेफरसन ४४ वर्षांचा विधुर. तिला सहा मुलं झाली, चार जगली. 'नाही' म्हणायचा अधिकारच नसलेल्या मुलीच्या बाबतीत प्रेमप्रकरण हा शब्द वापरू नये, असं मला वाटतं. १८०२ मध्ये कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने हे पहिल्यांदा छापलं. पूर्वी जेफरसननेच त्याला पैसे पुरवले होते, मग दोघांचं फाटलं. त्याचा हेतू वाईट होता, भाषा त्याहून वाईट होती. पण माणूस डूख धरून लिहितो म्हणून बातमी खोटी ठरत नाही, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं.

मग १८७३ मध्ये सॅलीचा मुलगा मॅडिसन याने सगळी हकीकत स्वतः सांगितली. कुठे? ओहायोतल्या पाइक काउंटी रिपब्लिकन नावाच्या एका छोट्या गावच्या पेपरात. पॅरिसमध्ये आई स्वतंत्र होऊ शकत होती. होणाऱ्या मुलांना २१ व्या वर्षी मुक्त करण्याचं वचन मिळालं म्हणून ती परत आली, असं त्याने सांगितलं. बड्या इतिहासकारांनी सव्वाशे वर्षं ते बाजूला सारलं. जेफरसनची गोरी नातवंडं सांगत होती की बाप जेफरसन नव्हे, त्याचा भाचा. ते मात्र पुरावा म्हणून चाललं. १९९७ मध्ये ॲनेट गॉर्डन-रीड या अभ्यासक बाईंनी दाखवून दिलं की दोन्ही साक्षींना वेगवेगळी मापं लावली गेली होती. १९९८ च्या डीएनए तपासणीत भाच्यांची शक्यता गळाली आणि सॅलीच्या धाकट्या मुलाचा वंश जेफरसन घराण्याशी जुळला. नुसता डीएनए थॉमसचंच नाव घेत नाही, हे खरं. पण प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने तो मॉन्टिसेलोवर होता, आणि सॅलीची मुलं खरोखर मोकळी झाली. २००० मध्ये मॉन्टिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेही या मुलांचा बाप बहुधा तोच, असा निष्कर्ष काढला. आज बहुतेक इतिहासकार तेच मानतात. खेड्यातल्या पेपराने जे छापलं ते टिकलं.

१८७३ हे साल आपल्यालाही ओळखीचं आहे. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं, आणि गुलामी नष्ट केल्याबद्दल ते त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. जेफरसनसारख्या संस्थापकांना नव्हे, गुलामी मोडणाऱ्यांना. हा फरक लक्षात घ्या.

दुसरा धागा बाबासाहेबांचा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी जेफरसनचा दाखला दिला. एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये, हा त्याचा विचार त्यांनी आपली राज्यघटना दुरुस्तीला खुली का ठेवली हे सांगताना वापरला. त्याच भाषणात त्यांनी बजावलं, की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि समाजात विषमता. जेफरसनचा विचार त्यांनी घेतला, पण जेफरसनच्या देशाने जी विसंगती शंभर वर्षं झाकून ठेवली ती आपल्या देशाच्या पहिल्याच दिवशी उघड्यावर मांडली.

आणि एका पिढीने दुसरीला बांधू नये, हा विचार जेफरसनने मांडला त्यात कर्जाचाही मुद्दा होता बरं का. मेलेल्यांचं कर्ज जिवंतांच्या मानेवर नको. त्याचं स्वतःचं कर्ज कुणाच्या मानेवर बसलं? जोसेफ फॉसेट हा मॉन्टिसेलोचा लोहार. मृत्युपत्राने तो सुटला, पण बायको आणि मुलं सुटली नाहीत. बायको ईडिथ राष्ट्राध्यक्षांच्या घरी फ्रेंच स्वयंपाक शिकून आलेली, मॉन्टिसेलोची मुख्य स्वयंपाकीण. लिलावात ती आणि मुलं वेगवेगळ्या लोकांना विकली गेली. पुढे जोसेफने भट्टीवर घाम गाळून बायकोला आणि काही मुलांना सोडवून आणलं. पीटर नावाचा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा होता. त्याला सुटायला १८५० पर्यंत थांबावं लागलं. पुढे तो सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला.

२०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या सभागृहातून जेफरसनचा पुतळा हलवला गेला. त्यावर भांडणं झाली, अजून चालू आहेत. पुतळा ठेवावा की हलवावा हे तिथल्या लोकांनी ठरवावं. पण समतेचं ते वाक्य कुणाचं, याचं उत्तर माझ्यापुरतं स्पष्ट आहे. लिहिलं जेफरसनने. ते खरं मानून त्याचा जाब विचारला बॅनेकरने, नंतर फ्रेडरिक डग्लसने, नंतर मार्टिन ल्यूथर किंगने. आज त्या वाक्याला जी किंमत आहे ती या माणसांनी मोजलेली आहे.

जेफरसन हिशोबाला फार पक्का होता. त्याच्या शेतीच्या वहीत गुलामांची नावं, जन्मसालं, कुणाला किती धान्य दिलं, कुणाला घोंगडी मिळाली, सगळं त्याच्या स्वतःच्या अक्षरात आहे. थोर माणसाचं भाषण तर सगळेच वाचतात. आपल्या गावातल्या, राज्यातल्या, देशातल्या कुठल्याही थोर माणसाबद्दल वाचताना ही दुसरी वहीही मागून बघा. भाषण फाडायला नको, वही लपवायलाही नको. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.