तंबोऱ्याची घोडी

घोडी हा तंबोरा, सतार, वीणा यांसारख्या भारतीय तंतुवाद्यांच्या तबलीवर बसवलेला रुंद, किंचित बहिर्वक्र माथ्याचा आधार होय. वाद्याच्या मुख्य तारा या माथ्यावरून जातात. तारांचे कंपन घोडीमार्फत तबलीला आणि तेथून भोपळ्यातील हवेला मिळते. माथ्याला दिलेल्या सूक्ष्म उतारास, तसेच त्यामुळे निर्माण होणाऱ्या गुंजनयुक्त नादास जवारी असे म्हणतात. घोडी हा झिजणारा भाग असल्याने तिची जवारी वेळोवेळी नव्याने काढावी लागते आणि काही वर्षांनी घोडीच बदलावी लागते. सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरा व सतार यांच्या निर्मितीचे, तसेच जवारीकामाचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र आहे.

रचना

तंबोऱ्याच्या तारा तळाकडील तारदानापासून निघतात, मण्यांतून ओवून घोडीवर येतात आणि दांडीच्या वरच्या टोकाशी असलेल्या खुंट्यांना गुंडाळल्या जातात. मणी वरखाली सरकवून स्वर बारकाईने जुळवता येतो. घोडी पायांवर उभी असते आणि मुख्यतः तारांच्या दाबानेच जागेवर राहते. तिचा माथा दुरून सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो तारेच्या दिशेने अत्यंत मंद उताराचा असतो.

तंबोऱ्यात प्रत्येक तारेखाली माथ्यावर सुती किंवा रेशमी दोरा सरकवलेला असतो. दोरा योग्य जागी आला की तार माथ्याला पूर्णपणे चिकटून न राहता तिला निसटता स्पर्श करते आणि नाद ‘खुलतो’. ही जागा मिलिमीटरच्या अंशाने बदलली तरी नाद बदलतो. सतारीत असा दोरा वापरत नाहीत. तेथे सर्व परिणाम माथ्याच्या घडणीवरच अवलंबून असतो.

ध्वनिशास्त्र

ताणलेली तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्या बिंदूशी ज्या उपस्वरांचे निस्पंद असतात ते उपस्वर उत्पन्न होत नाहीत, असा थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. त्यानुसार तार बरोबर मध्यावर छेडली असता दुसरा, चौथा, सहावा असे सम क्रमांकाचे उपस्वर ऐकू येऊ नयेत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय तंतुवाद्यांवरील शोधनिबंधात तंबोरा व वीणा या वाद्यांमध्ये हा नियम पाळला जात नसल्याचे दाखवले. नियमानुसार अनुपस्थित असायला हवेत असे उपस्वरही या वाद्यांत स्पष्टपणे उमटतात.

याचे कारण घोडीच्या माथ्यात आहे. गिटारच्या अरुंद आधारावर तारेचे टोक जवळजवळ एका बिंदूत स्थिर असते. रुंद माथ्यावर मात्र कंपनाबरोबर तार पृष्ठभागाला टेकते आणि सुटते, त्यामुळे तिची कंप पावणारी लांबीही क्षणोक्षणी किंचित बदलते. या स्पर्शांमुळे ऊर्जा उच्च उपस्वरांकडे वळत राहते. नाद विरत जाताना वेगवेगळे उपस्वर क्रमाने पुढे येतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा ‘स्वयंभू गांधार’ हा तिचा पाचवा उपस्वर होय. तो स्पष्ट ऐकू येणे हे सुरेल मेळाचे आणि चांगल्या जवारीचे लक्षण मानले जाते.

मिरजेतील परंपरा

मिरजेतील वाद्यनिर्मितीचा आरंभ शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांशी जोडला जातो. परंपरेनुसार एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी घटल्यावर फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती व निर्मिती हाती घेतली. पुढे त्यांच्या वंशजांनी ‘सतारमेकर’ हे नाव धारण केले. त्या काळी मिरज हे पटवर्धन घराण्याचे संस्थान होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या येथील वास्तव्यामुळे शहर संगीतशिक्षणाचे केंद्र बनले आणि विष्णु दिगंबर पलुसकर यांनी त्यांच्याकडे मिरजेतच शिक्षण घेतले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हेही मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यानंतर मिरजेतील ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन करण्यात आले. तेथे दरवर्षी उरुसानिमित्त संगीतसभा भरते. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील औंध येथेही १९४० पासून चालत आलेला संगीत महोत्सव आहे.

गायक व कारागीर एकाच गावात असल्याचा परिणाम जवारीकामावर झाला. गायकाच्या कानाला रुचणारा नाद आणि कारागिराच्या कानशीचा फेर यांचा मेळ समोरासमोर बसून घातला जात असे.

मिरजेच्या वाद्यांसाठी लागणारे भोपळे प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

घोडीसाठी वापरले जाणारे पदार्थ

* हस्तिदंत व सांबरशिंग: कठीण, एकजिनसी आणि गुळगुळीत होणारे असल्याने हे पदार्थ पूर्वी उत्तम मानले जात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. सांबरही संरक्षित प्राणी असल्याने त्याच्या शिंगांचा व्यापार करता येत नाही.
* हाड: उंटाचे हाड हा सतारीच्या घोडीसाठी प्रचलित पर्याय आहे. त्याचा नाद उजळ असतो. मात्र हाडाचा दर्जा सर्वत्र सारखा नसतो आणि सच्छिद्र हाड लवकर झिजते.
* आबनूस व शिसव: तंबोऱ्याच्या घोडीसाठी कठीण लाकूड विशेष पसंत केले जाते. त्याचा नाद हाडापेक्षा मृदू व गोल असतो. पूर्ण न वाळलेले लाकूड पुढे वाकते आणि काढलेली जवारी बिघडते.
* कृत्रिम पदार्थ: कठीण प्लॅस्टिक व तत्सम पदार्थ एकजिनसी असतात, हवेतील ओलाव्याने ते फारसे बदलत नाहीत आणि सावकाश झिजतात. त्यांच्या नादाबद्दल वादकांमध्ये मतभेद आहेत.

जवारी काढावी की घोडी बदलावी

तारांच्या सततच्या घर्षणाने माथ्यावर बारीक चरे पडतात. तार चरीत बसली की तिचा निसटता स्पर्श नाहीसा होतो. नाद मिटतो किंवा त्यात खरखर येते आणि दोरा कितीही सरकवला तरी तो खुलत नाही. अशा वेळी कारागीर माथा कानशीने घासून उतार पुन्हा साधतो आणि बारीक पॉलिश कागदाने तो गुळगुळीत करतो. दर काही फेऱ्यांनंतर तार चढवून नाद ऐकावा लागतो.

प्रत्येक वेळी घोडीची उंची थोडी कमी होते. उंची पुरेशी असेल आणि माथा अखंड असेल, तर जवारी काढणे पुरते. तारा दांडीच्या फार जवळ आल्या असतील, माथ्याला तडा गेला असेल किंवा पाय तबलीवर नीट टेकत नसतील, तर घोडी बदलणे योग्य ठरते. गंजलेल्या किंवा पिचलेल्या तारांमुळेही नाद बिघडतो. म्हणून घोडीला हात लावण्यापूर्वी नव्या तारा चढवून पाहतात.

नव्या घोडीची निवड

निवड करताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

* उंची: जुन्या घोडीची मूळ उंची प्रमाण मानतात. पुढे घासण्यासाठी वाव राहावा म्हणून नवी घोडी किंचित उंच घेतात.
* पाय: ते तबलीच्या फुगीर पृष्ठभागावर सर्वत्र टेकले पाहिजेत. फट राहिल्यास कंपन तबलीला पूर्णपणे पोहोचत नाही.
* षड्ज: पुरुष गायकांचा षड्ज बहुधा काळी १ च्या आसपास, तर गायिकांचा काळी ४ किंवा काळी ५ च्या आसपास असतो. स्वरानुसार तारांची जाडी व ताण बदलतो आणि जवारी त्याला जुळवावी लागते. एका षड्जासाठी साधलेली जवारी दूरच्या षड्जाला तशीच खुलत नाही.
* तारांचा धातू: जोडीच्या तारा पोलादी, तर खर्जाची तार बहुधा पितळेची किंवा काशाची असते. जाड खर्जाची कंपनकक्षा मोठी असल्याने तिच्याखालील उतार वेगळा ठेवावा लागतो.
* नादाचा प्रकार: खुली जवारी उजळ व गुंजनप्रधान असते, बंद जवारी शांत व मूळ स्वराला प्राधान्य देणारी असते, तर गोल जवारी या दोहोंमधील असते.

तयार घोडी विकत घेऊन केवळ बसवल्याने काम पूर्ण होत नाही. अंतिम जवारी त्याच वाद्यावर, त्याच तारांसह आणि शक्यतो गायकाच्या स्वरात काढावी लागते.

ध्वनिवर्धन आणि पिकअप

विद्युत गिटारचा नाद बदलण्यासाठी वादक बहुधा तिचा पिकअप बदलतात. त्यांपैकी हंबकर हा पिकअप गिब्सन कंपनीतील सेठ लव्हर यांनी विकसित केला. त्याच्या एकस्वासाठी १९५५ साली अर्ज करण्यात आला होता. त्यात दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडलेली असून त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलट असतात. त्यामुळे विद्युतपुरवठ्याची गुणगुण रद्द होते आणि तारेचा संकेत टिकतो.

तंबोऱ्याला हा उपाय लागू पडत नाही. चुंबकीय पिकअप लोहयुक्त तारांचेच कंपन टिपतो. पितळी खर्ज त्याला जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून तंबोरा व सतार यांसाठी मायक्रोफोन किंवा तबलीला चिकटवण्याचा पायझो पिकअप वापरतात. पायझोचा अवरोध फार मोठा असल्याने त्याला योग्य पूर्वप्रवर्धक न जोडल्यास आवाज पातळ होतो. पिकअप घोडीवरच चिकटवल्यास तिचे वजन वाढून नाद दबण्याची शक्यता असते. जवारी बिघडलेली असल्यास कोणताही पिकअप ती सुधारू शकत नाही.

जवारीचा परिणाम गिटारमध्ये आणण्याचा प्रयत्नही झाला आहे. अमेरिकेत १९६७ साली बाजारात आलेल्या कोरल विद्युत सतारीत चुंबकीय पिकअपबरोबर रुंद माथ्याची घोडी बसवलेली होती. तिचे वेगळेपण पिकअपपेक्षा या घोडीमुळे होते.

सद्यस्थिती

बंगळूर येथील जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यानंतर मोबाइलवरील तंबोराही प्रचारात आला. रियाजासाठी ही साधने सोयीची असली, तरी त्यांमुळे पारंपरिक तंबोऱ्याचा दैनंदिन वापर कमी झाला. वाद्य नियमित वाजले नाही की घोडी झिजत नाही आणि जवारीचे कामही येत नाही. हे कौशल्य लेखी मापांनी शिकवता येत नाही. कारागिराच्या शेजारी बसून, अनेक वाद्यांवर कान तयार करूनच ते मिळते. भौगोलिक मानांकनामुळे मिरजेच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळाले आहे. जवारीचे ज्ञान टिकणे मात्र दुरुस्तीसाठी येणाऱ्या वाद्यांवर आणि ते काम शिकणाऱ्या नव्या पिढीवर अवलंबून आहे.

हेही पहा

* तंबोरा
* सतार
* मिरज
* किराणा घराणे
* पिकअप (संगीत तंत्रज्ञान)